रोज वेगळ्या पायानं लंगडणारा लेथ

“आणि दुपारी किती आला?” इराप्पांनी विचारलं.

वैजयंतानं सांगितलं, दुपारी उलटाच आला. सकाळी शाफ्टचं उजवं टोक जाड निघालं होतं, दुपारी तेच टोक बारीक. मधे तिनं फक्त भाकरी खाल्ली होती.

“काल?”

काल दोन्ही वेळा उजवं टोक जाडच होतं. पण सकाळी केसभर आणि दुपारी दोन केस.

“परवा?”

परवाचं तिनं लिहून ठेवलं नव्हतं.

“हं...” एवढं म्हणून इराप्पा परत खाली बघायला लागले. मठाच्या विहिरीची लोखंडी कप्पी त्यांनी मांडीवर घेतली होती आणि तिच्या भोकातला गंज ते चिंधी पिळून पिळून काढत होते.

वैजयंता ओवरीच्या पायरीवर बसून होती. शुक्रवारची दुपार. तिला घाई होती, आणि समोरच्या माणसाला घाई म्हणजे काय हे माहीतच नव्हतं.

इराप्पांनी छत्तीस वर्षं पोतदारांच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवला होता. लोखंडाचा गोल दांडा चकात, म्हणजे फिरत्या जबड्यात, पकडायचा, तो गरगर फिरवायचा, आणि हत्यार लावून त्याची साल काढत काढत हव्या त्या मापाला आणायचा, हे त्यांचं काम. काम सुटल्यावर ते गावाबाहेरच्या टेकडीवर मठात येऊन राहिले. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, अंगात बंडी, कमरेला धोतर. मठात स्वामी होते, त्यांच्याकडे लोक संसारातले प्रश्न घेऊन यायचे. मशीनचे प्रश्न घेऊन येणारे इराप्पांच्या ओवरीपुढं चपला काढायचे. आणि खरं सांगायचं तर, कुठल्या दारात चपला जास्त हे कधीकधी सांगता यायचं नाही.

वैजयंता त्यांचीच शिष्या. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढलेली. आधी केर, मग तेल, मग चकात दांडा धरणं, मग पहिली साल, मग आटे पाडणं. त्या सगळ्या पट्ट्यात लेथवर उभी राहणारी ती एकटी बाई. पंपाची कामं घेऊन येणारे लोक मालकाला सांगायचे, त्या बाईंकडंच द्या, त्यांच्या हाताला माप आहे. हे तिनं ऐकलं होतं. जरा जास्तच वेळा ऐकलं होतं.

आणि आता आठ दिवस झाले, तिचा एकही शाफ्ट सरळ निघत नव्हता. पाच शाफ्ट परत आले. पोतदारांनी सगळ्यांसमोर कारण विचारलं तेव्हा ती फणकाऱ्यानं म्हणाली होती, हात माझा तोच आहे, मशीन म्हातारं झालंय.

मालकांनी तिचा शब्द खरा धरला. नाहीतरी लेथ जुनाच होता. भंगारवाल्याला निरोप गेला. शनिवारी अकरा वाजता क्रेनची गाडी येणार, लेथ उचलणार, तोडणार.

तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नव्हता, आणि ज्या लेथवर ती सगळं शिकली तो तुकडे होऊन जाणं तिला बघवणार नव्हतं. म्हणून ती टेकडी चढून आली होती. आप्पांनी मालकांना सांगावं की लेथ बरा होईल. आणि जमलं तर हेही सांगावं, की चूक वैजयंताची नव्हती.

“आप्पा, ते म्हातारं झालंय. दुसरं काय असणार?”

“मीबी म्हातारा हाय,” इराप्पा म्हणाले. “मी कुठल्या पायानं लंगडतो?”

“डाव्या.”

“गेल्या वर्षी?”

“डाव्याच की.”

“आणि पावसाळ्यात?”

“डाव्याच, आप्पा. असं काय विचारताय?”

“म्हातारपण रोज त्याच पायानं लंगडतं पोरी. तुझा लेथ सकाळी डाव्या पायानं लंगडतोय आणि दुपारी उजव्या. हे म्हातारपण न्हवं.”

“मग काय?”

इराप्पांनी कप्पीत तेलाचा एक थेंब सोडला. बोटानं चाक फिरवलं. कान लावून ऐकलं.

“मला काय ठावं? मी काय बघितलंय व्हय?”

मग वैजयंतानं काय काय केलं ते एकामागून एक सांगायला सुरुवात केली. लेथच्या उजव्या टोकाला टेलस्टॉक असतो, दांड्याच्या दुसऱ्या टोकाला टेकू देणारा. तो बाजूला सरकवायचे दोन स्क्रू असतात. शाफ्ट वाकडा आला की ती ते स्क्रू पिळून टेकू सरळ करत होती. मग बुडबुड्याची पाणीपातळी लावून लेथचे पाय बघितले. हत्यार धरणाऱ्या कॅरेजच्या पट्ट्या आवळल्या. टेकूचं टोक बदललं. परत स्क्रू.

“किती वेळा पिळलास स्क्रू?”

“अकरा.”

“आणि दर वेळी आधी कुठं बघितलंस?”

“कुठं म्हणजे? मापाकडं.”

“मापाकडं... आणि मशीनकडं?”

वैजयंताला राग आला. दिवसाचे आठ तास ती त्या मशीनपुढं उभी असते. मशीनकडं नाही तर कुठं बघते? तिनं तसं बोलूनही दाखवलं.

इराप्पांनी कप्पी खाली ठेवली. उद्या सकाळी साडेसातला येतो म्हणाले. पण तोवर एकाही स्क्रूला हात लावायचा नाही.

“आप्पा, अकराला गाडी येणार आहे. आत्ता चला. आज रात्रीपर्यंत करून बघते.”

“आठ दिवस करूनच बघतीस की. आता एक रातभर न करता बघ.”

तिला ते पटलं नाही. पण ती उठली, पाया पडली आणि खाली आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इराप्पा काठी टेकत शेडमध्ये शिरले, तेव्हा ड्रिल मशीनवरचा तातोबा आधीच आला होता. तातोबा म्हणजे शेडमधलं बोलकं माणूस. त्याच्या उजव्या हाताचं एक बोट पेरभर आखूड होतं. गेल्या वर्षी हातमोजा घालून ड्रिलवर काम करत होता, मोजा फिरत्या ड्रिलला गुंडाळला, आणि मोज्याबरोबर पेर गेलं. तेव्हापासून तो आखूड बोट वर करून सगळ्यांना शहाणपण सांगायचा.

वैजयंतानं बांगड्या काढून डब्याच्या पिशवीत ठेवल्या होत्या. साडीवर खाकी शर्ट, पदर आत खोचलेला, वेणीचा अंबाडा. हे तिला आप्पांनीच शिकवलं होतं आणि ते ती विसरली नव्हती. तिनं लेथचं बटन दाबून बंद आहे ना ते बघितलं, आणि पाना घेऊन टेलस्टॉककडं वळली.

“थांब,” इराप्पा म्हणाले. “मशीन बंद हाय का?”

“बंद आहे की.”

“कशावरनं?”

“बटन बंद आहे, आप्पा.”

इराप्पांनी तातोबाकडं तोंड केलं आणि सहज विचारलं, तुझ्या मनात आलं तर तू हे बटन दाबू शकतोस का. तातोबा म्हणाला, मी कशाला दाबू? पण धक्का लागून दाबलं गेलं तर काय सांगावं? आणि त्यानं आखूड बोट वर केलं.

इराप्पांनी वैजयंतापुढं नुसता हात पसरला.

ती भिंतीवरच्या बोर्डाकडं गेली. मेन स्विच पाडला. लेथचे फ्यूज उपसले आणि आणून त्या हातावर ठेवले. इराप्पांनी ते धोतराच्या सोग्यात बांधले, गाठ मारली, ओढून बघितली.

“आता बंद हाय,” ते म्हणाले.

आणि पाना मागायच्या ऐवजी स्टुलावर बसले. साडेसातचे पावणेआठ झाले. वैजयंताचं लक्ष सारखं घड्याळाकडं.

“रोज सकाळी आल्या आल्या काय करतीस?” त्यांनी विचारलं.

“पूजा.”

“कर की मग.”

तिला वाटलं, आप्पा थट्टा करतायत. पण त्यांच्या तोंडावर थट्टा नव्हती. तिनं कोनाड्यातला छोटा करंडा काढला. टेलस्टॉकच्या डोक्यावर हळदीची दोन बोटं ओढली, कुंकवाची दोन बोटं ओढली, वर चार अक्षता टाकल्या, एक फूल ठेवलं. चकाच्या बाजूला ती काही वाहायची नाही. फिरत्या भागावर फूल नको, एवढी तिला जाण होती. हळदकुंकू ती थोडं पाण्यात कालवून लावायची, म्हणजे दिवसभर टिकतं. मग तिनं हात जोडले, डोळे मिटले, ओठातल्या ओठात काही म्हटलं.

“झालं?”

“झालं.”

“कधीपासनं करतीस हे?”

“वर्ष झालं असंल.”

तातोबा लांबून म्हणाला, आप्पा, आमच्या शेडमध्ये खंडेनवमी वर्षातनं एकदा असते, ह्या बाईची रोज. लेथला हळदीकुंकू लावते, आता वाण तेवढं लुटायचं राहिलंय.

कुणी हसलं नाही. वैजयंताची मान खाली गेली होती.

“वर्ष झालं...” इराप्पा म्हणाले. “म्हणजे तातोबाचं बोट गेलं तेव्हापासनं.”

ती करंडा परत कोनाड्यात ठेवायला लागली.

“भीती वाटायला लागली?”

“...हो.”

“कुणाची?”

“मशीनची.” आणि मग तिच्या तोंडून निघूनच गेलं. घरी पाच वर्षांची पोर आहे. रोज सकाळी तिच्या दोन वेण्या घालून येते. वेणी घालताना आपलीच बोटं दिसतात, दहा आहेत का ते मोजावंसं वाटतं. मग इथं आल्यावर आधी हात जोडल्याशिवाय बटन दाबायला हात जात नाही.



“हात जोडलास हे बरं केलंस,” इराप्पा म्हणाले. “मीबी जोडतो.”

ते उठले. काठी भिंतीला टेकवली. टेलस्टॉकपुढं आले आणि त्यांनी नमस्कार केला. पण तो वैजयंतासारखा उभ्यानं नव्हे. ते कमरेत वाकले, मग गुडघ्यात वाकले, आणि लेथच्या लांब लोखंडी बेडवर त्यांनी आपला गालच टेकला. एक हात बेडच्या पलीकडं, एक अलीकडं. तसेच राहिले.

किती तरी वेळ तसेच.

वैजयंताला वाटलं, आप्पा जुन्या लेथचा निरोप घेतायत. तातोबानंसुद्धा डोक्यावरची टोपी काढली.

मग इराप्पा कण्हत उठले, गुडघे चोळले.

“तू नमस्कार करताना डोळे मिटतीस का?” त्यांनी विचारलं.

“हो... सगळेच मिटतात.”

“मी उघडे ठेवतो.” त्यांनी बाजूला होऊन तिला जागा दिली. “कर आता. माझ्यासारखा.”

वैजयंता वाकली. गाल लोखंडाला लागला. लोखंड गार होतं, आणि अंगठ्यानं चोळावं असं तेल त्यावर नव्हतं, ते तिला तेव्हाच कळलं. आधी काहीच दिसलं नाही. बेडच्या दोन लांब पट्ट्या, पलीकडं शेडचं दार, दारातून येणारं ऊन. आणि बेडवर बसलेला टेलस्टॉक, एरवी कधी न बघितलेल्या बाजूनं, खालनं.

मग ऊन दिसलं. टेलस्टॉकच्या बुडाखालनं.

दोन लोखंडं जिथं एकमेकांवर घट्ट बसायला हवीत, तिथं एका कोपऱ्यात उन्हाची रेघ होती. आणि त्या रेघेच्या शेजारी दुसरी रेघ, लाल. तिनं बोटानं पुसली. पुसली गेली नाही. नखानं खरवडली तर लाखेसारखी कडक.

तिनं डोळे मिटले नाहीत. मिटावेसे मात्र वाटले.

“आप्पा...”

“काय हाय?”

“कुंकू आहे.”

“आणि?”

“...तांदूळ.”

पुढचं तिचं तिलाच कळत गेलं, आणि ते तिनं सांगितलंही. रोज कालवलेलं कुंकू ओघळून टेलस्टॉकच्या कडेनं खाली उतरायचं. अक्षता बेडवर सांडायच्या. मग काम बदललं की टेलस्टॉक पुढंमागं सरकवायचा, तो हे सगळं बुडाखाली ओढून घ्यायचा. तेलात कुंकू, तेलात तांदूळ, वर लोखंडाचा बारीक कीस. वर्षभर साचून त्याचा थर झाला, आणि या आठ दिवसांत तो टेलस्टॉक उचलण्याएवढा जाड. थर सगळीकडं सारखा नाही. टेलस्टॉक सकाळी एका दाण्यावर बसायचा, दुपारी दुसऱ्या. तो जसा बसेल तसा टेकू तिरका, टेकू तिरका तसा शाफ्ट वाकडा. आणि ती दर वेळी स्क्रू पिळून त्या दाण्याशी जुळवून घ्यायची. पुढच्या वेळी दाणा वेगळा.

“अकरा वेळा,” ती म्हणाली.

इराप्पांनी काठीनं घड्याळाकडं बोट केलं.

आठ वाजून दहा मिनिटं. आता कामाला हात लावायची परवानगी मिळाली.

टेलस्टॉक जड. एकट्यानं उचलायचा नाही, हे इराप्पांनी तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तिनं बेडवर लाकडाची फळी टाकली, म्हणजे निसटला तरी बेडला खोक पडायला नको. टेलस्टॉकची पकड सैल केली, तो बेडच्या शेवटापर्यंत ओढत आणला, आणि तातोबाला हाक मारली. दोघांनी मिळून तो आडवा केला.

बुडाला लालकाळा पोपडा होता. मधे मधे पांढरे दाणे, मोत्यासारखे बसलेले.

तातोबा बघत राहिला.

वैजयंतानं घाईनं पॉलिश पेपर उचलला. इराप्पांच्या काठीनं तिच्या मनगटाला हलकेच स्पर्श केला. तिला आठवलं. पॉलिश पेपरची रेती लोखंडात रुतून बसते आणि मग वर्षानुवर्षं बेड खात राहते. तिनं कागद ठेवला. रॉकेलमध्ये चिंधी भिजवली, थर मऊ होऊ दिला, बांबूची चपटी कामटी घेतली आणि कडेकडेनं सोडवायला लागली. कोपऱ्यात जिथं कामटी पोचेना, तिथं दात घासायचा जुना ब्रश.

इराप्पा स्टुलावर. काही सांगत नव्हते. एकदाच म्हणाले, बेड पण बघ, तो का उपाशी? मग तिनं बेड पुसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हातानं नव्हे, ब्रशनं कीस झाडून मग कापडानं. कॅरेजच्या पुढं मागं लावलेल्या लोकरीच्या पट्ट्या काढून बघितल्या. त्या कीस अडवायच्या असतात, पण कीस भरून त्या स्वतःच कानसेसारख्या झाल्या होत्या. धुतल्या. तेलाची भोकं टाचणीनं मोकळी केली. वर्षभरात तेल वरवर घातलं होतं, आत पोचलं की नाही ते बघितलं नव्हतं.

नऊ वाजून गेले.

टेलस्टॉक परत बसवला. स्क्रूनं तो इकडं तिकडं सरकतो, तिथं त्याच्या दोन भागांवर सरळपणाची एक एक खूण कोरलेली असते. तिनं अकरा वेळा पिळलेलं सगळं उलटं फिरवून दोन्ही खुणा समोरासमोर आणल्या. मग परत तशीच खाली वाकली, गाल टेकला.

“ऊन दिसतंय?” इराप्पांनी विचारलं.

“नाही.”

तेव्हा त्यांनी धोतराची गाठ सोडली.

फ्यूज बसवायच्या आधी वैजयंतानं चकात दांडा चढवून आवळला आणि आवळायची चावी काढून खिळ्याला लावली. ती चावी चकात विसरली आणि मशीन सुरू केलं, तर गोळीसारखी सुटते. मग चक हातानं एक पूर्ण फेरी फिरवला. कुठं अडकत नाही, कुठं घासत नाही. मग फ्यूज, मग मेन स्विच, मग बटन.

पहिली साल निघाली. तिनं मशीन पूर्ण थांबू दिलं आणि मग मायक्रोमीटर लावला. उजवं टोक जाड, पाव केसानं.

तिचा चेहराच उतरला. दहाला वीस मिनिटं कमी होती.

“दुसऱ्यांदा,” इराप्पा म्हणाले.

दुसऱ्यांदा. तेवढंच जाड. पाव केस.

“तिसऱ्यांदा.”

तिसऱ्यांदा टेलस्टॉक सोडून, सरकवून, पुसून, परत आवळून बघितलं. पाव केस. ना कमी ना जास्त. ती नाराज होऊन वळली, तर इराप्पा आठ दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी चांगली बातमी सांगावी तसे हसत होते.

“आता लंगडतंय एकाच पायानं,” ते म्हणाले. “आता पिळ तुझा स्क्रू.”

तिनं मशीन बंद केलं. बोर्डाजवळ जाऊन, कुणी न सांगता, मेन स्विच पाडला आणि फ्यूज काढून शर्टच्या खिशात टाकले. टेलस्टॉकची पकड सैल केली. पलीकडचा स्क्रू आधी सैल, मग अलीकडचा घट्ट. किती? कागदाच्या जाडीएवढा. पकड आवळली. बाराव्या वेळी पिळलेला स्क्रू होता तो. आधीच्या अकरा वेळा मिळून जेवढा वेळ लागला नव्हता, तेवढा तिनं या एका वेळेला घेतला.

शाफ्ट निघाला तेव्हा दारात क्रेनची गाडी येऊन उभी राहिली होती. ड्रायव्हर साखळ्या सोडत होता. पोतदार मालक त्याच्याशी बोलून आत आले.

वैजयंतानं मायक्रोमीटर डाव्या टोकाला लावला, आकडा वाचला. उजव्या टोकाला लावला, वाचला. मग मालकांच्या हातात दिला.

पोतदारांनी दोनदा मोजलं. हात कपड्याला पुसून तिसऱ्यांदा मोजलं.

“सरळ आहे,” ते म्हणाले. मग इराप्पांकडं बघून त्यांनी हात जोडले. आप्पांच्या हाताला गुण आहे, हे आम्हाला माहीतच होतं, असं काय काय बोलले. पण मग थोडं थांबून म्हणाले, की आप्पा काही रोज टेकडी उतरून येणार नाहीत. म्हाताऱ्या मशीनला आज त्यांच्या हातानं बरं वाटलं, उद्या परत आहेच. गाडी आलीय तर जाऊ दे.

ड्रायव्हर आत डोकावला. कुठून उचलायचा म्हणून विचारत होता.

वैजयंतानं इराप्पांकडं बघितलं. एक शब्द त्यांनी बोलावा. ते म्हणाले असते, तर मालकांनी ऐकलं असतं. पण इराप्पा स्टुलाखाली आपली एक चप्पल शोधत होते.

“आप्पांनी हात लावला नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“आप्पांनी एका स्क्रूलाही हात लावला नाही. आणि मशीन म्हातारं पण नाही झालं.” तिचा आवाज बारीक झाला, पण थांबला नाही. “मी ते सगळ्यांसमोर खोटं बोलले. म्हणजे, तेव्हा मला खरं वाटत होतं. वर्षभर मी ह्याच्या बुडाखाली बघितलंच नाही. तांदूळ साठले होते, कुंकू साठलं होतं. माझंच. चूक माझी आहे, मालक. लेथची नाही.”

शेडमध्ये सगळे तिच्याकडं बघत होते. हाताला माप असलेली बाई, जिच्याकडंच काम द्या म्हणून लोक सांगायचे, ती.

तातोबाला बोलायची आयती संधी होती. तो दाराशी गेला आणि ड्रायव्हरला म्हणाला, साखळ्या गोळा कर बाबा, इथं कुणी मेलेलं नाही.

पोतदारांनी लेथच्या बेडवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं तेल बघितलं. मग त्यांनी ड्रायव्हरला हातानंच जा म्हणून खूण केली.

गाडी वळली. साखळ्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येत राहिला.

वैजयंता तिथंच लेथला टेकून उभी राहिली.

इराप्पांना दुसरी चप्पल सापडली. त्यांनी काठी घेतली आणि निघाले. मालक त्यांना पोचवायला दारापर्यंत गेले, आणि तिथं त्यांनी तो प्रश्न विचारला, जो कुठल्याही मालकानं विचारलाच असता.

“मग आप्पा, आता परत वाकडं येणार नाही ना?”

वैजयंतानं तोंड उघडलं होतं. नाही येणार, मी लक्ष ठेवीन, असं काहीतरी तिच्या ओठावर होतं. पण ती थांबली, आणि आप्पा काय म्हणतात ते ऐकायला तिनं मान पुढं केली.

इराप्पा उंबरा ओलांडून उन्हात गेले.

“येईल की...” ते म्हणाले. “रोज सकाळी. म्हणून रोज डोळे उघडे ठेवून वाकायचं.”